बुद्ध्यंक मोजणाऱ्याचीही परीक्षा

‘मुलाचा बुद्ध्यंक ७२ आहे’ असे एखाद्या अहवालात छापून आले की त्या आकड्याला एकदम वजन प्राप्त होते. शाळेचे मुख्याध्यापक तो पाहतात, वैद्यकीय मंडळ तो पाहते, नातेवाईक दबक्या आवाजात तो एकमेकांना सांगतात. रक्तातील साखर किंवा शरीराचे तापमान मोजावे तशी बुद्धी मोजली गेली, अशी सर्वांची समजूत होते. हा आकडा कोणी काढला, कसा काढला, तो काढताना त्या व्यक्तीच्या हातून काय काय निसटले असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः तो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण बुद्धिमापनाच्या कसोटीत यंत्र नसते. तिथे एक माणूस दुसऱ्या माणसाला प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो, लिहून घेतो आणि गुण देतो. यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. नवशिक्या परीक्षकांच्या हातून ती किती वेळा होते, याचा अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षे सुरू आहे आणि त्याचे निष्कर्ष चिंता वाटावी असेच आहेत.

एका टेबलाभोवतीची परीक्षा

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या फ्रेंच अभ्यासकांनी १९०५ मध्ये पहिली व्यवहार्य बुद्धिमापन कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या आणि विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांना ओळखणे, हा तिचा मर्यादित हेतू होता. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. पुढे डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठी आणि १९४९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कसोट्या आणल्या. मुलांच्या वेक्स्लर कसोटीची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आज जगभर वैयक्तिक बुद्धिमापनासाठी वेक्स्लरच्या कसोट्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.

या कसोटीत मूल आणि परीक्षक समोरासमोर बसतात. शब्दांचे अर्थ सांगणे, दोन गोष्टींतील साम्य ओळखणे, रंगीत ठोकळ्यांची आकृती जुळवणे, ऐकलेले अंक त्याच क्रमाने किंवा उलट क्रमाने म्हणणे, अशा अनेक उपकसोट्या एकामागून एक घेतल्या जातात. प्रत्येक उपकसोटीतील मूळ गुणांचे मुलाच्या वयानुसार प्रमाणित गुणांत रूपांतर होते. या प्रमाणित गुणांची सरासरी १० धरलेली असते. त्यांची बेरीज करून तक्त्यातून बुद्ध्यंक काढला जातो. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असते. म्हणजे १०० गुण मिळवणारे मूल आपल्या वयाच्या मुलांत बरोबर मध्यावर उभे असते आणि ७० गुण मिळवणारे मूल मध्यापासून दोन विचलने खाली असते.

ही सर्व रचना एका गृहीतकावर उभी आहे. ज्या हजारो मुलांवरून हे तक्ते तयार झाले, त्यांना ज्या शब्दांत, ज्या क्रमाने आणि जेवढ्या वेळात प्रश्न विचारले गेले, अगदी तसेच ते समोरच्या मुलालाही विचारले गेले पाहिजेत. परीक्षकाने पद्धत बदलली की तुलना संपते. आकडा मात्र तसाच, तेवढाच ठाम, कागदावर उमटत राहतो.

अभ्यास काय सांगतात?

विद्यापीठांत मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी ही कसोटी घ्यायला शिकतात तेव्हा ते सरावासाठी काही मुलांची चाचणी घेतात आणि भरलेल्या नोंदपत्रिका अध्यापकांकडे सोपवतात. अमेरिकेतील संशोधकांनी अशा नोंदपत्रिका एकेक ओळ वाचून पुन्हा तपासल्या. मुलांच्या वेक्स्लर कसोटीच्या चौथ्या आवृत्तीबाबतचा असा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षणार्थींनी भरलेल्या ५१ नोंदपत्रिका तपासण्यात आल्या. त्यांपैकी ९८ टक्के पत्रिकांत चुका होत्या आणि एका पत्रिकेत सरासरी जवळजवळ २६ चुका सापडल्या. चुका दुरुस्त केल्यावर सुमारे दोन-तृतीयांश पत्रिकांतील गुण बदलले.

हे एकाच विद्यापीठाचे किंवा एकाच पिढीचे वैगुण्य नव्हे. त्याच कसोटीच्या तिसऱ्या आवृत्तीवरील १९९८ मधील अभ्यासातही जवळपास याच प्रकारच्या चुका आढळल्या होत्या. अपुऱ्या उत्तरावर पुरवणी प्रश्न न विचारणे, उत्तर शब्दशः न लिहिणे, उपकसोटीतील गुणांची बेरीज चुकणे, एवढेच नव्हे तर शेवटचा बुद्ध्यंकच चुकीचा उतरवून घेणे, हे सर्व त्या यादीत होते. त्याही आधी, १९७० च्या सुमारास, एकच नोंदपत्रिका अनेक परीक्षकांना गुण देण्यासाठी दिली गेली, तेव्हा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त बुद्ध्यंकात पंधराहून अधिक गुणांची तफावत पडली होती. मूल एकच, उत्तरे तीच, तरीही निकाल वेगवेगळे. पंधरा गुण म्हणजे एक पूर्ण प्रमाण विचलन, हे लक्षात घेतले की या तफावतीचे गांभीर्य कळते.

चूक नेमकी कुठे होते?

पहिली चूक मूल तोंड उघडण्यापूर्वीच होऊ शकते, ती म्हणजे वय काढताना. समजा, एका मुलाचा जन्म २५ नोव्हेंबर २०१५ चा आहे आणि चाचणी १० मार्च २०२४ रोजी घेतली. हातचे घेऊन वजाबाकी केली तर वय ८ वर्षे, ३ महिने, १५ दिवस येते. नियमानुसार वरचे दिवस सोडून द्यायचे असतात. परंतु ‘पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, तेव्हा पुढचा महिना धरावा’ असे समजून परीक्षकाने ८ वर्षे ४ महिने असे लिहिले, तर काय होते? वेक्स्लर कसोटीचे तक्ते चार-चार महिन्यांच्या वयोगटांनुसार असतात. एक गट ८ वर्षे ३ महिन्यांवर संपतो आणि ८ वर्षे ४ महिन्यांपासून पुढचा गट सुरू होतो. मुलाची तुलना आता त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांशी होते आणि तेवढ्याच मूळ गुणांना कमी प्रमाणित गुण मिळण्याची शक्यता निर्माण होते. शाळेत शिकलेली वजाबाकी इथे मुलाच्या भवितव्याशी जोडली जाते.

दुसरी चूक सुरुवात आणि शेवट यांची. प्रत्येक मुलाला पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची नसते. वयानुसार मधल्या एखाद्या प्रश्नापासून आरंभ होतो. तेथील पहिले दोन प्रश्न मुलाने पूर्णपणे बरोबर सोडवले, तर त्याआधीच्या सोप्या प्रश्नांचे गुण त्याला न विचारताच द्यायचे असतात. ते चुकले, तर उलट दिशेने मागे जायचे असते. नवा परीक्षक मागे जायला विसरतो किंवा न विचारलेल्या प्रश्नांचे गुण बेरजेत धरायला विसरतो. पाचव्या प्रश्नापासून सुरुवात केलेल्या मुलाचे पहिले चार गुण असे हकनाक जातात. शेवटाकडेही हाच प्रकार होतो. ठरलेल्या संख्येइतकी उत्तरे सलग चुकली की उपकसोटी थांबवायची असते. कोणी ती आधीच थांबवतो, तर कोणी दयेपोटी पुढे रेटतो आणि त्यानंतरच्या एखाद्या बरोबर उत्तराचे गुणही देऊन टाकतो.

तिसरी चूक सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी दिसणारी आहे. ती म्हणजे न विचारलेला पुरवणी प्रश्न. प्रत्यक्ष कसोटीतील प्रश्न गोपनीय ठेवावे लागतात, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘पूल म्हणजे काय?’ असे विचारल्यावर ‘नदी किंवा रस्ता ओलांडण्यासाठी बांधलेला मार्ग’ या उत्तराला दोन गुण, ‘त्यावरून गाड्या जातात’ याला एक गुण आणि ‘आमच्या गावाकडे आहे’ याला शून्य, असे समजू. मूल म्हणाले, ‘तो उंच असतो’. आता काय करायचे? उत्तर चूक नाही, पण त्यावरून अर्थ कळला असेही म्हणता येत नाही. अशा वेळी ‘आणखी सांग बघू’ असे तटस्थपणे विचारणे परीक्षकावर बंधनकारक असते. त्याने ते विचारले नाही, तर मुलाला माहीत असूनही शून्य मिळते. उलट ज्या उत्तराबाबत विचारायचे नसते तिथे वारंवार विचारले, तर मुलाला वाटते की आपले उत्तर चुकले, आणि ते बरोबर उत्तरही बदलून टाकते. मौन आणि अतिउत्साह या दोन्ही बाजूंना चूक आहे.

चौथी चूक लिखाणाची. मुलाचे उत्तर शब्दशः लिहून घ्यायचे असते. मूल भराभर बोलते, परीक्षकाचा हात मागे पडतो. मग तो स्वतःच्या शब्दांत सारांश लिहितो किंवा नुसताच गुण लिहून पुढे जातो. यामुळे त्या क्षणी फारसे बिघडत नाही, परंतु नंतर कोणालाही तो गुण योग्य होता की नाही हे तपासता येत नाही. चुकीचा पुरावाच नाहीसा होतो.

वेळ आणि आवाज यांच्या चुका याहून सूक्ष्म. ठोकळ्यांच्या उपकसोटीत स्टॉपवॉच उशिरा सुरू झाले, तर मुलाला फुकटचे सेकंद मिळतात. अंक ऐकवताना दर सेकंदाला एक या गतीने, एकसुरात म्हणायचे असतात. फोन नंबर सांगताना आपण जसे दोन-दोन किंवा तीन-तीन आकड्यांचे गट करतो, तसे केले की लक्षात ठेवणे सोपे होते आणि मोजली जाणारी गोष्टच बदलते. मुलाने ‘परत सांगा ना’ म्हटले आणि परीक्षकाने ते अंक परत सांगितले, की तो प्रश्न मोजण्याच्या दृष्टीने निकामी झाला.

चांगुलपणाची चूक

या यादीतील काही चुका निव्वळ निष्काळजीपणाच्या आहेत. परंतु काहींचे मूळ मनुष्यस्वभावात आहे. २००७ च्या अभ्यासात आढळलेल्या नेहमीच्या चुकांपैकी एक होती उत्तराला योग्य त्यापेक्षा जास्त गुण देणे. समोर बसलेले मूल घाबरलेले असते, प्रयत्न करत असते, मध्येच हसते. त्याचे ‘जवळजवळ बरोबर’ उत्तर पूर्ण बरोबर धरावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण असे वाढवून दिलेले गुण त्या मुलाच्या उपयोगी पडतीलच असे नाही. ज्याला मदतीची गरज आहे, तो त्या मदतीच्या रेषेच्या वर ढकलला जाऊ शकतो.

पूर्वग्रहाचाही भाग आहे. १९७० मध्ये जेरोम सॅटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एकच संदिग्ध उत्तर हुशार मुलाच्या पत्रिकेत आले की परीक्षक त्याला जास्त गुण देतात आणि मंद मुलाच्या पत्रिकेत आले की कमी. म्हणजे आधीच्या उत्तरांची छाया पुढच्या उत्तरांवर पडते. ‘हा मुलगा अभ्यासात कच्चा आहे’ असे शाळेने पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलेले असेल, तर त्या वाक्याची छायाही पडणार नाही असे कोण म्हणेल?

परीक्षकाचा चेहराही बोलत असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा एक घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. तो खूर आपटून उत्तर सांगे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये त्याचा उलगडा केला. घोड्याला गणित येत नव्हते. आपटण्याची संख्या योग्य आकड्यापर्यंत पोहोचली की प्रश्न विचारणाऱ्याच्या शरीरात नकळत बारीकशी हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. प्रश्नकर्ता फसवत नव्हता, आपण काही सूचना देत आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. घोड्याला जे कळले ते सात वर्षांच्या मुलाला कळणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. भुवई उंचावणे, ‘छान!’ म्हणणे, उत्तर चुकल्यावर पेन थबकणे, या सर्वांतून मूल बरेच काही वाचत असते.

दोन-चार गुणांनी काय बिघडते?

‘इकडे दोन गुण कमी, तिकडे दोन जास्त, शेवटी बेरीज जवळपास सारखीच’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु चुका नेहमी एकमेकींना छेद देत नाहीत. सढळ हाताने गुण देणारा परीक्षक प्रत्येक उपकसोटीत सढळच असतो. पाच उपकसोट्यांत एकेक प्रमाणित गुण चुकून जास्त पडला, तर बुद्ध्यंक साधारण तीन-चार गुणांनी हलतो. आणि निर्णय रेषेवर घेतले जातात.

याचे सर्वांत कठोर उदाहरण अमेरिकेतील आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला देहदंड देता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७० या बुद्ध्यंकाची पक्की रेषा आखली. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा बुद्ध्यंक ७१ नोंदवला गेला होता आणि त्या एका गुणामुळे त्याला पुढचा पुरावा मांडण्याची दारे बंद झाली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ताठर रेषा रद्द केली. प्रत्येक मोजमापात अंगभूत त्रुटी असते, बुद्ध्यंक हा एक बिंदू नसून एक पल्ला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. न्यायालयाने ज्या त्रुटीची दखल घेतली, ती कसोटी अचूक घेतली तरीही शिल्लक राहणारी त्रुटी आहे. परीक्षकाच्या चुका त्याच्यावर आणखी भर घालतात आणि अहवालातल्या ‘अधिक-उणे पाच’मध्ये त्यांचा हिशेब नसतो.

आपल्याकडे प्रश्न फाशीचा नसला, तरी रेषा आहेतच. केंद्र सरकारच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० ते ६९ बुद्ध्यंकाला ५० टक्के आणि ३५ ते ४९ बुद्ध्यंकाला ७५ टक्के अपंगत्व मानले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर २०१८ मध्ये निघालेल्या सूचनांत बुद्ध्यंकाबरोबरच दैनंदिन व्यवहारातील क्षमतेच्या मोजमापालाही महत्त्वाचे स्थान मिळाले. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत आधी बुद्ध्यंक पाहावा आणि तो ८५ हून अधिक असेल तर पुढची चाचणी द्यावी, असा क्रमही त्यात होता. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळत आल्या आहेत. अशा व्यवस्थेत ८३ आणि ८७ यांच्यातील फरक केवळ चार गुणांचा राहत नाही. एका बाजूला सवलतीचा दाखला असतो, तर दुसऱ्या बाजूला ‘याला जमणारच नाही’ हा शिक्का. आणि हे चार गुण एखाद्या न विचारलेल्या ‘आणखी सांग बघू’मध्ये आणि एका चुकलेल्या बेरजेत अडकलेले असू शकतात.

मराठी मुलांसमोरची कसोटी

भारतीय मुलांसाठी कसोट्या रचण्याच्या इतिहासात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने कसोटीचे रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. मुलांच्या वेक्स्लर कसोटीचे भारतीय रूपांतर आर्थर मॅलिन यांनी नागपुरात केले. १९६९ चे हे रूपांतर आजही ‘मॅलिनची कसोटी’ म्हणून ओळखले जाते.

बिनेच्या धर्तीवरील कसोटीत एका चुकीची किंमत किती असते, हे साध्या हिशेबाने कळते. त्यात मुलाचे मानसिक वय काढून त्याला प्रत्यक्ष वयाने भागतात आणि शंभराने गुणतात. समजा, प्रत्येक प्रश्नाला दोन महिन्यांचे श्रेय आहे. आठ वर्षांच्या, म्हणजे ९६ महिन्यांच्या मुलाचे मानसिक वय ७२ महिने आले, तर बुद्ध्यंक ७५ होतो. एक प्रश्न चुकीने बरोबर धरला की तो ७७ होतो आणि एक चुकीने नाकारला की ७३. मूल चार वर्षांचे असेल, तर एकाच प्रश्नाने चार गुणांचा फरक पडतो. मूल जितके लहान, तितकी परीक्षकाची चूक मोठी.

भाषेची अडचण वेगळीच. छापील सूचना प्रमाण मराठीत असतात आणि मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलते. मुलाला कळले नाही असे वाटून परीक्षक जागच्या जागी सूचना सोपी करून सांगतो. कधी हिंदीचा आधार घेतो, तर कधी एखादे उदाहरण देतो. हेतू चांगला असतो, परंतु त्या क्षणी कसोटी बदललेली असते. उलट मुलाने आपल्या बोलीतला शब्द वापरून अगदी अचूक उत्तर दिले आणि परीक्षकाला तो शब्दच माहीत नसला, तर मुलाच्या ज्ञानाला शून्य मिळते. अशा वेळी सूचना मुलाच्या बोलीत देण्याची सोय आधीच, विचारपूर्वक करणे आणि अहवालात तसे स्पष्ट नमूद करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

जुन्या मानकांचा मुद्दाही यातच येतो. पिढ्यागणिक मुलांचे मूळ गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखवले. तेथे ही वाढ दशकाला सुमारे तीन गुणांची होती. म्हणून कित्येक दशकांपूर्वीच्या तक्त्यांवरून काढलेला बुद्ध्यंक फुगलेला असण्याचा संभव असतो. कोणती आवृत्ती वापरली हे न लिहिणारा अहवाल त्यामुळेच अपुरा ठरतो.

सराव पुरेसा नाही

‘नवखे आहेत, सरावाने सुधारतील’ हे या सर्वांवरचे नेहमीचे उत्तर. पण ते पूर्णपणे खरे नाही. जॉन स्लेट आणि क्रेग जोन्स या अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या आसपास याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. नुसत्या चाचण्यांची संख्या वाढवून चुका फारशा कमी होत नाहीत आणि विद्यार्थी आपल्या चुकांचाच सराव करत राहतात, असे त्यांच्या कामातून पुढे आले. प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या पत्रिका तपासल्या, तेव्हा त्यांतही चुका निघाल्या. विद्यार्थिदशेतील सवय पदवीबरोबर संपत नाही, ती पदवीच्या आड लपते.

याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. वाहन चालवताना चूक झाली की लगेच धक्का बसतो. स्वयंपाकात मीठ जास्त पडले की पहिल्या घासाला कळते. बुद्धिमापनात मात्र चुकीचा कोणताही आवाज होत नाही. पुरवणी प्रश्न न विचारल्यामुळे मुलाला काय सांगता आले असते, हे कधीच कळत नाही. चुकलेला बुद्ध्यंकही अगदी बरोबर बुद्ध्यंकासारखाच दिसतो. ज्या कामात चूक स्वतःहून समोर येत नाही, त्या कामात ती कोणीतरी मुद्दाम शोधून दाखवावी लागते.

म्हणून उपाय तपासणीचा आहे. प्रशिक्षणार्थीची संपूर्ण चाचणी पालकांच्या परवानगीने चित्रित करून अनुभवी मार्गदर्शकाने ती नोंदपत्रिकेशी पडताळणे, नेहमी होणाऱ्या चुकांची यादी करून प्रत्येक पत्रिका त्या यादीवरून तपासणे, एकच पत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे गुणांकित करून फरकांवर चर्चा करणे, आणि ठरावीक संख्येच्या चाचण्यांऐवजी ठरावीक अचूकता गाठल्यावरच विद्यार्थ्याला पुढे जाऊ देणे, हे सर्व करता येण्याजोगे आहे. संगणकामुळे बेरीज आणि तक्ते पाहण्याच्या चुका टळू शकतात. परंतु उत्तर अपुरे आहे हे ओळखणे आणि योग्य वेळी तटस्थपणे आणखी विचारणे, हे काम अजूनही माणसाच्या कानाचे आणि विवेकाचेच आहे. यासाठी मार्गदर्शकांना वेळ लागतो. एका मार्गदर्शकामागे विद्यार्थ्यांची आणि एका परीक्षकामागे मुलांची रांग असेल, तर पहिला बळी या तपासणीचाच जातो.

पालकांनी काय विचारावे?

पालकांना मानसशास्त्र शिकण्याची गरज नाही, पण काही साधे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना नक्कीच आहे. कोणती कसोटी, कोणत्या सालची आवृत्ती वापरली? सूचना कोणत्या भाषेत दिल्या? चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का? ती प्रशिक्षणार्थी असेल, तर तिची नोंदपत्रिका वरिष्ठांनी प्रत्यक्ष तपासली, की नुसत्या अहवालावर सही केली? अहवालात एकच आकडा आहे, की त्याचा पल्लाही दिला आहे? त्या दिवशी मूल आजारी, उपाशी किंवा घाबरलेले होते का, याची नोंद आहे का? आणि मुलाच्या घरातील, शाळेतील वागण्याशी तो आकडा जुळतो का? जुळत नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात काहीच गैर नाही. मात्र तीच कसोटी लगेच पुन्हा दिली तर मुलाला प्रश्न आठवतात आणि गुण वाढतात, म्हणून आधी उपलब्ध नोंदपत्रिकेचीच फेरतपासणी मागणे अधिक शहाणपणाचे.

प्रशिक्षणार्थीही कुठेतरी शिकणारच आणि शिकताना चुका होणारच. पहिल्याच दिवशी निर्दोष परीक्षक कोणी नसतो. परंतु त्याच्या शिकण्याची किंमत समोरच्या मुलाने मोजता कामा नये, एवढी काळजी घेणे हे शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांचे कर्तव्य आहे. शाळेत दहा गुणांच्या चाचणीचा पेपरसुद्धा मूल घरी आणते, पालक तो पाहतात आणि बेरीज चुकली असेल तर शिक्षकांकडून दुरुस्त करून घेतात. ज्या परीक्षेवर मुलाची शाळा, सवलत आणि त्याच्याविषयीची सर्वांची अपेक्षा ठरते, तिच्या उत्तरपत्रिकेची बेरीज निदान एकदा तरी दुसऱ्या कोणीतरी करून पाहावी, ही मागणी काही फार मोठी नाही.